एक्केचाळिसावी ओळ

१

ही गोष्ट २०२५ सालची. फेब्रुवारीची अकरा तारीख, मंगळवार. वार-तारीख मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तारखेपाशीच येऊन अडलं.

सकाळी नऊ वाजता काळेवाडीतल्या आमच्या कामगार आधार मंडळाच्या खोलीत दौलतराव अर्ज मोजत होते. दौलतराव मंडळाचे अध्यक्ष. उजव्या हाताला दोन बोटं कमी, त्यामुळे कागद डाव्या हाताने उलटायचे. त्यांनी गठ्ठा तीनदा मोजला. मग वहीतल्या ओळी मोजल्या. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ओळी एक्केचाळीस," ते म्हणाले. "अर्ज चाळीस."

"कुणाचा नाही?" कुणीतरी विचारलं.

"रोहिदासचा."

दाराशी रोहिदासची बायको वर्षाली उभी होती. ती चौकटीला टेकली.

हे अर्ज कसले होते ते सांगते. महाळुंग्याच्या एका सुट्या भागांच्या कंपनीने अख्खी एक लाइन बंद केली आणि आमच्या वस्तीतले पन्नासएक जण एका पत्रासरशी घरी बसले. पगाराबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही गेला. तो पंधरा फेब्रुवारीला संपणार होता. त्याआधी स्वतःचा विमा सुरू केला तर जुनी आजारपणं लगेच धरली जाणार होती. मध्ये खंड पडला तर तीन वर्षं थांबा. पण वर्षाचा हप्ता एकरकमी भरायचा, आणि नोकरी गेलेल्या माणसाला ते जमणार कसं? म्हणून मंडळाने ठरवलं की पहिल्या वर्षाचा हप्ता आपण भरायचा. मंडळ तीस वर्षांचं. वर्गणी साठत होती, तिचा उपयोग याहून चांगला कुठला?

कोपऱ्यावर, कंपनीच्या बसगाड्या थांबतात तिथे, एक जुनी लाकडी सूचनापेटी टांगली. शेजारी सुतळीने वही आणि पेन बांधलं. दौलतरावांनी स्वतःच्या अक्षरात सूचना लिहिली: 'अर्ज दहा तारखेपर्यंत पेटीत टाकावेत. वहीत नाव, तारीख, वेळ लिहावी.' माणसं मिळेल ती रोजंदारी करत होती, कुणाला कधी सवड मिळेल सांगता येत नव्हतं, म्हणून पेटी दिवसरात्र बाहेर.

रोहिदासला एकच मुलगी, तेजल, तेरा वर्षांची. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. सरकारी योजनेतून नंबर लागायला सात-आठ महिने जातील असं सांगितलं होतं, आणि मार्चच्या पुढे नेऊ नका असं डॉक्टर म्हणत होते.

"दुसरा अर्ज भरून घ्या की," मी म्हणाले.

"कसा घेऊ, मावशी? त्याला कंपनीचं मूळ पत्र जोडलं होतं. दुसरं मिळायला पंधरा दिवस. परवा तेराला मला सगळं विमा कंपनीत द्यायचंय." दौलतरावांनी मान हलवली. "शिवाय आज सकाळपासून सहा जणांना मी उशीर झाला म्हणून परत पाठवलंय. एकाला सूट दिली तर त्यांना काय तोंड दाखवू?"

"पेटीत राहिला नसेल ना?"

"रात्री बाराच्या ठोक्याला माझ्यासमोर रिकामी केली. मी स्वतः हात घालून पाहिलं. कुलूप लावलं, किल्ली पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. वही मात्र सकाळी काढली."

"पेटी कुणी उघडली?" मागून कुणीतरी विचारलं.

 पेटी मंडळाचं किरकोळ काम बघणाऱ्या भिमाजीने उघडली होती. आणि भिमाजीचं नि रोहिदासचं वैर अख्ख्या काळेवाडीला माहीत होतं.

२

माझं नाव यशोदा. वस्तीत सगळे मावशी म्हणतात. पिंपरीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात मी एकतीस वर्षं काढली. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, एवढंच आयुष्यभर लिहिलं. त्यामुळे असलं काही घडलं की लोक माझ्याकडे बघतात. माझी मदत होते की नुसती आठवण उपयोगी पडते, ते मला अजून कळलेलं नाही.

मंडळाच्या मागे पत्र्याची खोली आहे, तिथे भिमाजी राहायचा. मागे जायची वाट कोपऱ्यावरून, बसथांब्यापुढून जाते. तिथून गेलं की मला आमचे हे आठवतात. यांनी उभी हयात तिसरी पाळी केली. थोरला झाला तो रात्री दीड वाजता. हे कामावर. निरोप पोचला तशी यांनी सगळ्या खात्याला पेढे वाटायचं कबूल केलं आणि तारीख सांगितली चार. दवाखान्याच्या कागदावर पाच. पुढे शाळेत पाच आणि घरात चार! थोरला अजून म्हणतो, आई, मी दोनदा जन्मलो.

भिमाजी पिशवीत भांडी भरत होता.

"कुठे चाललास?"

"दौलतरावांनी सांगितलंय, उद्या सांजंपतूर अर्ज सापडला न्हाई तर खोली सोडायची." तो मूळचा महाळुंग्याचा. जमीन कारखान्यात गेली, भाषा तेवढी राहिली. "कुठं जाऊ, मावशे? सत्तरीला आलो. भाच्याकडं गेलो तर सून दारातच उभी ऱ्हाती."

"तू घेतलास का?"

"न्हाई."

"त्याच्यावर राग आहे ना तुझा?"

"हाय की! का नसावा?" त्याने पातेलं आपटलं. "धा वर्सं झाली. कंपनीच्या गेटावर मी रखवालदार. रातच्याला डोळा लागला, पाच मिन्टं. हा लाइन लीडर, ह्यानं जाऊन सायबाला सांगितलं. दुसऱ्या दिशी घरी! त्याच्या पोरीवर न्हाई पण राग. पोरीनं काय केलंय?"

"काल दिवसभरात पेटीजवळ तू काय काय केलंस ते सांग."

"काय करायचंय? लांबून राखण केली. रातच्याला नऊ वाजता बघितलं तर निळं पेन कुणीतरी सुतळीसकट कापून नेलेलं. ह्यांच्या हप्त्याचं बघायचं, आन् ह्ये पेन चोरत्यात! मग माझ्याकडचं हिरवं बांधलं. बाराला पेटी उघडली, अर्ज दौलतरावांच्या हातात दिलं, झोपलो. एवढंच." तो थांबला. "मावशे, गरीब माणसाला 'मी न्हाई केलं' ह्याचा पुरावा कुठनं आणायचा?"

 मी मंडळात जाऊन दौलतरावांकडून वही मागून घेतली आणि शेवटचं पान उघडलं. अडतीस, एकोणचाळीस या ओळी निळ्या. चाळिसावी हिरवी. आणि एक्केचाळिसावी, रोहिदासची, तीही हिरवी.

रोहिदासने लिहिलं होतं: 'तारीख १०. वेळ १२:४०.'

सकाळी मागाहून मंडळात येऊन तो सगळ्यांसमोर म्हणाला होता की अर्ज आपण दुपारी टाकला. पण दुपारी पेन निळं होतं.

३

चाळिसावी ओळ दिग्विजयची. वेळ साडेनऊ. दिग्विजय पंचविशीचा, रोहिदासच्याच लाइनवर होता. मी गाठलं तेव्हा तो दुसऱ्याची मोटारसायकल पुसत होता.

"तुझ्याकडेही लोक बोट दाखवतायत बरं का," मी म्हणाले.

"दाखवू द्या. बोटं दाखवायला पैसे पडत नाहीत." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "मावशी, खोटं नाही बोलत. कमी करायच्या यादीत माझं नाव रोहिदासदादांनीच दिलं असं मला वाटायचं. चहाच्या टपरीवर त्यांची कॉलर पण धरली होती. मग यादी बघितली. पहिलं नाव त्यांचंच. बावीस वर्षं झालेला माणूस! मग राग कुणावर काढायचा?"

"तू अर्ज कधी टाकलास?"

"साडेनऊ लिहिलंय की."

"सकाळी का रात्री?"

"रात्री, जेवून निघालो होतो. हिरवं पेन बघून हसलो. कंपनीत हिरव्या शाईनं फक्त ऑडिटवाला लिहायचा. म्हटलं, आता आपलं पण ऑडिट झालं."

आमच्या लोकांची हीच सवय. सकाळ-संध्याकाळ लिहीत नाहीत. सहा म्हटलं की कुठले सहा ते पाळीवरून कळतं, असं त्यांना वाटतं. पान वरून वाचलं तर साडेनऊ, मग बारा-चाळीस. कुणालाही सकाळ आणि मग दुपार वाटावी. तसंच वाटलं होतं सगळ्यांना.

"तू लिहिलंस तेव्हा तुझ्या खाली कुणाची ओळ होती?"

"खाली कोरं होतं, मावशी. मला वाटलं शेवटचा मीच."

मी तिथेच कट्ट्यावर बसले. दहा तारखेच्या रात्री साडेनऊला दिग्विजयची ओळ. तिच्याखाली रोहिदासची, दहा तारखेचीच, बारा-चाळीसची. पण दहा तारखेच्या रात्री साडेनऊनंतर पुन्हा बारा-चाळीस वाजतातच कुठे?

४

रोहिदासच्या घरी मी साडेअकराला गेले. एका खोलीचा फ्लॅट, कर्जावर घेतलेला. दार वर्षालीने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"झोपलेत."

"या वेळी? बरं नाही का?"

"बरं आहे," ती घाईने म्हणाली. "रात्री झोप लागत नाही त्यांना. विचारानं."

गॅलरीच्या दोरीवर गडद निळी पँट वाळत होती. तेजल भिंतीला दोन उशा लावून बसली होती. हातात पितळी शिट्टी. तिने गाल फुगवले, जोर केला, आणि शिट्टीतून नुसती हवा आली.

"वाजत नाही, आजी," ती धापा टाकत म्हणाली. "पप्पांना वाजवता येते. माझी हवा पुरतच नाही."

"ठेव ती!" वर्षाली ओरडली आणि तिच्या हातातून शिट्टी काढून घेतली. मग माझ्याकडे बघून तिनेच मान खाली घातली.

आवाजाने रोहिदास उठून आला. डोळे लाल, दाढी मात्र गुळगुळीत. "मावशी, काही कळलं का?"

"तू अर्ज टाकलास ते नक्की दुपारीच?"

"हो. म्हणजे दौलतरावांनी विचारलं, दुपारी ना? मी हो म्हटलं." तो माझ्याकडे न बघता पाणी प्यायला. "टाकला एवढं नक्की. पोरीची शपथ. माझ्या हातानं टाकला, पेटीत पडल्याचा आवाज ऐकला मी."

पोरीची शपथ तो खोटी घेणार नाही हे मला कळत होतं. दुपारी टाकला नाही हेही कळत होतं. जिना उतरता उतरता तिसऱ्या पायरीवर मला पेढे आठवले. चार तारखेचे पेढे.

कठडा धरून मी उभी राहिले. अर्ज कुठे आहे ते मला कळलं होतं. आणि न कळतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

५

त्या दुपारी मी जेवले नाही. कोडं सुटलं की माणूस मोकळा होतो म्हणतात. मी अडकले होते. बोलावं तर रोहिदासचा अर्ज उशिराचा ठरणार, तेजलचं ऑपरेशन जाणार. गप्प बसावं तर भिमाजी चोर म्हणून भांडी घेऊन रस्त्यावर. पेटीच्या फटीसारखं झालं होतं, आत जाता येतं, बाहेर येता येत नाही.

बुधवारी सकाळी मी रोहिदासला घरी बोलावलं आणि सरळ विचारलं. "कुठे रखवालदारी करतोस?"

त्याने कप खाली ठेवला.

"कोपऱ्यापलीकडच्या गोदामावर," तो म्हणाला. "रात्री दहा ते सकाळी सात. पंधरा दिवस झाले. हातावर रोज देतात, कागद नाही, विमा नाही."

"लपवलंस का?"

"काम मिळालंय म्हटल्यावर मंडळ हप्ता भरणार नाही असं वाटलं. आणि..." त्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. "मावशी, भिमाजीला मी झोपला म्हणून काढायला लावलं. आता मीच शिट्टी गळ्यात घालून बसतो. दोन वाजता डोळे मिटतात तेव्हा त्याचाच चेहरा दिसतो. त्याला कुठल्या तोंडानं सांगू?"

"अर्जाला एवढा उशीर का केलास?"

"बावीस वर्षं वर्गणी दिली, मागितलं कधी नाही. तळेगावच्या एका कंपनीत काम होईलसं वाटत होतं, विम्यासकट. सोमवारी संध्याकाळी नाही म्हणाले. मग ड्युटीवर बसून अर्ज भरला. मध्येच दहा मिनिटं गेट सोडून आलो. गेट सोडलं हे कळलं तर तेही काम जाईल."

"तारीख दहा लिहिलीस."

"दहाच होती ना?" तो गोंधळून म्हणाला. "दहाचीच ड्युटी चालू होती."

मला रडावं की हसावं कळेना. बिचाऱ्याला आपण उशीर केला हेच माहीत नव्हतं.

"संध्याकाळी मंडळात ये," मी म्हणाले. "आणि मी बोलेन तेव्हा मध्ये बोलू नकोस."

"सगळ्यांसमोर? भिमाजीसमोर?"

"त्याच्याचसमोर."

६

संध्याकाळी खोली भरली. भिमाजी आपली पिशवी घेऊन दाराशी बसला होता, निघायच्या तयारीने. मी पेटी काढून टेबलावर आणायला लावली.

"यात काय बघायचंय?" दौलतराव म्हणाले. "रिकामी केली मी."

"बाराला केलीत. रोहिदासने अर्ज टाकला बारा-चाळीसला. रात्रीच्या."

कुजबुज झाली. मी वही सगळ्यांना दाखवली. पेन रात्री नऊला बदललं. हिरव्या शाईच्या ओळी दोनच, पहिली दिग्विजयची, रात्री साडेनऊची, दुसरी तिच्याखालची. म्हणजे रोहिदास आला तो साडेनऊनंतर, आणि बारा-चाळीस म्हणजे मध्यरात्र उलटून गेलेली. त्याच्या ड्युटीचं मी सांगितलं नाही. ते त्याचं त्याने सांगायचं होतं.

"उघडा पाकीट."

दौलतरावांनी किल्ली काढली. कुलूप उघडलं. तळाशी एकच घडी केलेला कागद होता, कंपनीचं पत्र टाचलेलं. वर्षालीच्या तोंडून हुंदका फुटला. भिमाजीने पिशवीवरचा हात काढला.

पण दौलतराव कागदाकडे बघत बसले. "म्हणजे हा अर्ज अकरा तारखेचा," ते हळूच म्हणाले. "मावशी, भिमाजी सुटला, चांगलं झालं. पण हा मी कसा घेऊ? त्या सहा जणांना काय सांगू?"

मागे ते सहाही उभे होते.

"मग वहीत दहा का लिहिलं, ते विचारा त्याला," मी म्हणाले.

रोहिदास उठला. भिमाजीकडे एकदा बघितलं. "मी गोदामावर रखवालदार आहे," तो म्हणाला. "रात्रपाळीला. दहा तारखेची ड्युटी चालू होती, म्हणून दहा लिहिलं. दुसरं काही मनात नव्हतं."

 मी दौलतरावांच्या समोर बसले.

"दौलतराव, तुमची बोटं प्रेस मशीनमध्ये गेली ती तारीख आठवते?"

त्यांनी नकळत हात टेबलाखाली घेतला. "कशी विसरेन? एक्क्याण्णव साल, सतरा जून."

"किती वाजता?"

"दीड... रात्रीचा."

"रात्री दीड म्हणजे कॅलेंडरात अठरा जून. कंपनीच्या वकिलाने काय म्हटलं होतं? कार्डावर सतराची हजेरी आहे, अठराला हा माणूस कामावरच नव्हता, भरपाई कसली? तेव्हा टाइम ऑफिसातून कोण उभं राहिलं होतं?"

"तुम्ही," ते म्हणाले.

"आणि मी काय सांगितलं होतं?"

दौलतरावांनी डोळे मिटले. तीसहून अधिक वर्षांपूर्वीचं वाक्य त्यांना पाठ होतं. "तिसऱ्या पाळीचा दिवस सकाळी सातला संपतो."

"तुमच्या सूचनेत 'दहा तारखेपर्यंत' लिहिलंय. रात्री बारापर्यंत असं कुठे लिहिलंय? हे कामगारांचं मंडळ आहे. इथे दिवस कुणाचा धरायचा, कॅलेंडरचा की पाळीचा?" मी मागे वळले. "तुम्ही सहा जण मंगळवारी किती वाजता आलात?"

"आठ," एक म्हणाला. "साडेआठ," दुसरा. बाकीचे त्याहून उशिरा. मग ज्याने आठ म्हटलं तो मान खाजवत म्हणाला, "सातच्या आत नाही आलो, मावशी. घ्या त्याचा. आमचं आम्ही बघू."

दौलतरावांनी रोहिदासकडे पाहिलं. "रखवालदारीत विमा आहे का?"

"नाही."

"मग लपवलंस कशाला, गाढवा? मंडळ विमा नसलेल्यांसाठीच आहे." त्यांनी डाव्या हाताने अर्ज गठ्ठ्यावर ठेवला, हिरवं पेन घेतलं आणि त्यावर लिहिलं: एक्केचाळीस.

रोहिदास दाराशी गेला. भिमाजीपुढे उभा राहिला.

भिमाजीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय रं लीडर, ड्युटीवर डोळा लागतो का?"

"लागतो," रोहिदास म्हणाला.

"दोन वाजता ना? मला ठावं हाय. खुर्ची घ्यायचीच न्हाई त्या टायमाला. उभं ऱ्हायचं आन् गूळ-शेंगदाणं चघळायचं. मला कुणी सांगितलं नव्हतं तवा." तो पिशवी उचलून मागच्या खोलीकडे गेला, भांडी परत मांडायला.

७

तेरा तारखेला एक्केचाळीस अर्ज गेले. त्या सहा जणांपैकी दोघांना नातेवाइकांनी हात दिला. चौघांचा विमा खंडित झाला. त्यातल्या एकाच्या आईची डोळ्यांची शस्त्रक्रिया अजून झालेली नाही. हे मी विसरत नाही.

दिग्विजय आता चाकणच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांचा हिशेब बघतो. कारखान्यात परत जाणार नाही म्हणतो. त्याच्या खिशात मी एकदा सुतळीचा तुकडा लोंबणारं निळं पेन पाहिलं. अर्ज भरायला संध्याकाळीच कापून नेलं असणार.

रोहिदास सहा महिने गोदामावरच होता. मग तिथेच दिवसपाळीवर सुपरवायझर झाला. रात्रीच्या जागेवर त्याने भिमाजीला लावला. भिमाजी पुढच्या उन्हाळ्यात वारला. कामावर नाही, त्याच पत्र्याच्या खोलीत, झोपेत. रोहिदासने खांदा दिला.

दौलतरावांनी अध्यक्षपद सोडलं. सोडण्याआधी नवी सूचना लिहून काचेत लावली: 'मुदत दहा तारखेची तिसरी पाळी सुटेपर्यंत.' ती अजून आहे.

तेजलचं ऑपरेशन मार्चच्या वीस तारखेला झालं. मे महिन्यात एका दुपारी मी पडले होते, तर बाहेर शिट्टी वाजली. लांब, कर्कश, थांबेचना. शेजारपाजारचे खिडक्या उघडून ओरडायला लागले. वर्षालीचा आवाज सगळ्यांच्या वर, "बंद कर गं बाई, लोक झोपलेत!"

मी खिडकी उघडीच ठेवली.